बाळंतपणासाठी ठेवलेलं तेल

मला पहिला झटका आला तेव्हा सातवा महिना सरत आला होता, आणि त्या झटक्याला कारण मीच होते. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचता वाचता तुम्ही माझ्या नवऱ्याला शिव्या द्याल, सासूला द्याल, दवाखान्यालाही द्याल. माझ्या वाटणीच्या शिव्या दुसऱ्याच्या पदरात पडलेल्या मला चालायच्या नाहीत. एकदा पडल्यात, तेवढ्या पुरे.

आमचं गाव अमडापूरपासून कोसभर आत. थोडी पराटी, म्हणजे कपाशी, आणि विहिरीखाली वांगी-मिरची, एवढा आमचा पसारा. घरात सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, आमचे हे, मी आणि चार वर्षांची कुसुम. मी सातवी पास आहे. आमच्या आळीत तेवढं शिकलेली दुसरी बाई नाही, आणि त्याचा मला चांगलाच ताठा होता. बाया पत्र वाचून घ्यायला यायच्या आणि जाताना चार उपदेश ऐकून जायच्या.

पराटीवर अळी पडायला लागली तशी फवाऱ्याची औषधं गावात आली. पहिल्या वर्षी अख्खं गाव बांधावर उभं राहून बघत होतं. अळ्या पटापट खाली पडल्या. पुढच्या आठवड्यात नाल्यातले मासे पांढरी पोटं वर करून तरंगायला लागले. पोरांनी टोपल्या भरभरून नेले. आत्याबाई म्हणाल्या, "घ्या, आयतं कालवण." आम्ही हसलो. खाणाऱ्या घरांत ढाळ-वांती झाली, ती आम्ही शिळ्या माशांवर ढकलली. डोळ्यांनी दिसत होतं हो सगळं! पण दिसणं वेगळं आणि कळणं वेगळं.

*

औषधाचा डबा मोठा सुरेख असायचा. जाड पत्रा, गोल, फिरकीचं घट्ट झाकण. औषध संपलं की आमचे हे तो डबा कुदळीने एक ठोसा मारून बांधावर पुरून टाकायचे. ग्रामसेवकाने तसं सांगितलं होतं. माझा जीव हळहळायचा. घरात तेलाला धड भांडं नाही आणि हा माणूस नवा पत्रा मातीत घालतो! मी दोनदा म्हटलंही. ते म्हणाले, "जहर हाये त्याच्यात, सुमे. हात लावू नको."

"धुतलं की जाते," मी म्हटलं.

ते डब्यावर माती ओढत राहिले. 

पावसाने बांधाची माती खचली आणि एका डब्याचा खांदा उघडा पडला. मी निंदायला गेले होते. खुरप्याने उकरून काढला. ठोसा काठाला लागला होता, डबा फुटला नव्हता, नुसता चेपला होता. पदराखाली घालून घरी आणला. आत्याबाईंना सांगितलं, माहेराहून आला.

आता तो कसा धुतला ते सांगते, कारण माझ्यासारख्या शहाण्या गावोगाव असतील. गोवरीच्या राखेने सात वेळा घासला. चिंचेने घासला. उकळतं पाणी भरून दिवसभर ठेवला. लोणच्याच्या बरणीला देतो तशी निखाऱ्यावर हिंग टाकून धुरी दिली. नाक आत घालून वास घेतला. फक्त हिंगाचा आला. मी खूश. वरती एक कागद चिकटलेला होता, त्यावर इंग्रजी अक्षरं आणि कवटीचं चित्र. इंग्रजी मला येत नाही, पण कवटी तर अडाण्यालाही वाचता येते. मी तो कागद विळ्याने खरवडून काढला. का, तर दिवस गेलेल्या बाईच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरात कवटी असणं बरं नाही, म्हणून. हे लिहिताना आज माझेच कान तापले आहेत.

त्यात भरलं जवसाचं तेल. घरच्या जवसाचं, तेल्याकडून घाण्यावर काढून आणलेलं. आत्याबाईंनी डबा फडताळात वर ठेवला आणि सगळ्यांना दम भरला, "हे बाळंतिणीचं तेल हाये. आतापासून कोणी बोट बुडवायचं नाही."

मला तर डोहाळे लागले होते नेमके त्याचेच. गरम भाकर, तिखट-मीठ आणि वरून कच्च्या जवसाच्या तेलाची धार. आत्याबाई वावरात गेल्या की मी स्टूल लावून डबा काढायची. कुसुम दाराशी उभी राहून पहारा द्यायची. पहाऱ्याची मजुरी म्हणून तिला दोन घास. "आजीले सांगू नको बरं." ती ओठांवर बोट ठेवायची आणि बोटाचं तेल चाटायची.

*

आधी डोकं भणभणायला लागलं. मग जिभेला मुंग्या. एकदा हातातली परात आपोआप थरथरली आणि पीठ सांडलं. मी म्हटलं, अशक्तपणा असेल. अशक्तपणा गेला पाहिजे म्हणून आणखी तेल-भाकर खाल्ली.

सकाळची वेळ होती. मी चुलीपुढे बसले होते. भाकर तव्यावर टाकली एवढं आठवतं. पुढचं मला लोकांनी सांगितलेलं आहे. मी लाकडासारखी ताठ झाले, डोळे फिरले, तोंडाला फेस आला, आणि हात-पाय आपटत राहिले. आत्याबाईंनी मला चुलीपासून ओढलं म्हणून भाजले नाही. त्यांनी आधी मिरच्या ओवाळून टाकल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, बाहेरचं काहीतरी आहे, जाणत्याला बोलवा. आमचे हे वावरातून पळत आले आणि आयुष्यात पहिल्यांदा आईवर ओरडले, "काही बाहेरचं नाही! बैलं जुपतो म्या."

बैलगाडीने अमडापूर, तिथून एस.टी. रस्त्यात दुसरा झटका आला. कंडक्टरने मागची लांब सीट रिकामी करवून घेतली. एक अनोळखी बाई माझं डोकं मांडीवर घेऊन बुलढाण्यापर्यंत बसली होती म्हणे, तिला मधल्या गावी उतरायचं होतं तरी. तिचं नाव कुणी विचारलं नाही. मला ती आठवतही नाही.

*

डोळे उघडले तर वर पंखा, हाताला सुई, आणि फिनेलचा वास. पहिलं काम केलं ते पोटावर हात ठेवण्याचं. पोट होतं. पण पोटात काही हलत नव्हतं.

डॉक्टर पुण्याकडचे, तरुण. त्यांनी सांगितलं, गर्भारपणात काही बायकांना असे झटके येतात, आई आणि मूल दोघांनाही धोका असतो, अगदी पडून राहायचं, मीठ बंद. पण त्यांच्या कपाळावरची आठी जात नव्हती. माझे पाय सुजलेले नव्हते. लघवी तपासली, तीही चांगली निघाली. ते परत परत माझ्या पायावर बोट दाबून बघायचे आणि मान हलवायचे. मला वाटलं, हे काहीतरी लपवतात. तर तसं नव्हतं. त्यांनाच कळत नव्हतं.

वानखडे सिस्टर म्हणून एक नर्स होती, सुलतानपूरची, तोंडाने फटकळ. मी पोटावर हात ठेवून रडत होते. ती म्हणाली, "रडून रडून काय त्याले उठवणार हायेस?" मग लाकडाची नळी माझ्या पोटावर टेकवून तिने कान लावला. इकडे लावला, तिकडे लावला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते.  बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "हाये. झोपलं हाये लेकरू. तुह्यापेक्षा शहाणं हाये."

दवाखान्याचे दिवस सगळे सारखेच असतात. पहाटे झाडू, मग तापमापी, मग पेज, मग डॉक्टरांची फेरी. लाज पहिल्याच दिवशी बेडपॅनबरोबर जाते, ती परत घ्यायला कुणी येत नाही. तीन दिवस मी नुसत्या दुधावर आणि पेजेवर होते. झटका आला नाही. चौथ्या दिवशी पोटात अगदी हलकं काहीतरी सरकलं. मी सिस्टरला हाक मारली ती अख्ख्या वॉर्डला ऐकू गेली असेल.

त्याच दिवशी दुपारी आत्याबाई कुसुमला घेऊन भेटायला आल्या. बरोबर फडक्यात बांधलेलं जेवण. माझ्या तोंडाकडे बघून त्यांचे डोळे भरले. "काय ही दशा झाली वं पोरीची! पेजेनं कुठं अंग भरते? हे घे, मीठ नाही टाकलं, तिखट नाही टाकलं. डाक्तरनं सांगतलं तसंच आणलं. बाळंतपणासाठी ठेवलेलं तेल आणलं, म्हटलं आताच कामी येऊ दे."

भाकर कुस्करून त्यावर त्यांनी तेल ओतलं. हात राखून नाही, मायेने ओतलं. मी खाल्लं. कुसुम माझ्याकडे बघून डोळे मिचकावून हसली, आज पहाऱ्याची गरज नव्हती. मी तिला घास भरवले. माझ्या हाताने भरवले.

*

तासाभराने कुसुम माझ्या पायाशी बसून चिंध्यांच्या बाहुलीशी खेळत होती. बाहुली खाली पडली. मी म्हटलं, "उचल." तिने हात पुढे केला आणि हात तसाच वाकडा राहिला. मान मागे गेली. डोळे पांढरे झाले. चार वर्षांची पोर, पलंगाच्या लोखंडावर तिचं डोकं आपटत होतं आणि मला उठता येत नव्हतं. मी ओरडले. ओरडता ओरडता माझी जीभ जड झाली, आणि जिभेला त्या मुंग्या आल्या.

पुढचं सिस्टरने सांगितलं. डॉक्टर धावत आले. दोन पलंगांवर दोघी मायलेकी एकाच वेळी हात-पाय झाडत होतो. डॉक्टर क्षणभर नुसते उभे राहिले. मग त्यांनी दोघींना इंजेक्शनं दिली आणि आत्याबाईंकडे वळून म्हणाले, "ही पोर काय गरोदर आहे?"

आत्याबाईंना वाटलं, डॉक्टरला वेड लागलं.

"मग तिला हे झटके कसे आले? काय खाल्लं दोघींनी?"

फडकं उलगडलं. भाकरीचा तुकडा उरला होता, तेलाने भिजलेला. डॉक्टरांनी वास घेतला, हिंगाचा आला. त्यांनी विचारलं, तेल कशात ठेवता? आमचे हे लागलीच निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने डबा घेऊन आले.

तोवर मी शुद्धीवर होते. कुसुम नव्हती. तिला झोपेचं औषध देऊन निजवलं होतं आणि श्वास तेवढा चालू होता. डॉक्टरांनी डबा उजेडात धरून फिरवला. मी खरवडलेल्या कागदाचा एक कोपरा तळाशी राहिला होता. तो वाचून ते हळूच म्हणाले, "एंड्रिन. बाई, हे फवारणीचं विष आहे. पाण्याने जात नाही, राखेने जात नाही. पत्र्याला, सांध्याला चिकटून राहतं. तेल घातलं की तेलात उतरतं, अंगात गेलं की चरबीत राहतं. तुम्ही विष धुतलं नाही, तेलात मुरवून खाल्लं."

मी कुसुमच्या पलंगाकडे बघितलं. 

"डबा तं हिच्या माहेरचा हाये," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला. "हिच्या बापानं जहराचा डबा धाडला मह्या घरात?"

आमचे हे डब्याकडे बघत होते. काठावरचा चेप त्यांच्या कुदळीचा होता. तो त्यांनी ओळखला, हे मला दिसलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"माहेरचा नाही," ते म्हणाले. "म्या आणला वावरातून. तूच वरडशील म्हणून म्याच हिले सांगतलं, माहेरचा म्हण."

आत्याबाईंनी भर वॉर्डात पोराच्या तोंडात मारली. जवान माणूस, एका लेकराचा बाप, सगळ्या बायांसमोर. त्यांनी ती खाल्ली आणि कुसुमच्या पलंगाशी जाऊन बसले. आणि मी, सातवी पास, सगळ्या आळीला उपदेश करणारी, गप्प बसले. आजतागायत गप्प आहे. आत्याबाईंना वाचता येत नाही. हे लिहून झालं की मीच त्यांना वाचून दाखवणार आहे.

*

कुसुम दोन दिवस झोपून होती. त्या दोन दिवसांबद्दल मला लिहिता येत नाही. देवाला काय काय कबूल केलं ते त्याला माहीत. डॉक्टर म्हणाले होते, उठली तरी बोलेल-चालेल का हे आत्ताच सांगता येत नाही.   आमचे हे पोरीचे तळवे चोळत बसत.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, मले तेल-भाकर दे."

सिस्टर मटकन स्टुलावर बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. मला हसू आलं, आणि हसता हसता उलटी झाली.

आम्ही घरी निघालो तेव्हा त्याच सिस्टरने मला विचारलं, "फवाऱ्याचा पंप कुठं धुता वं तुम्ही?"

मी म्हटलं, "विहिरीवर. दुसरीकडं पाणी कुठं हाये?"

"आन पेयाचं पाणी?"

त्याच विहिरीचं. तिने कपाळाला हात लावला.

गावी आल्यावर मी पदर खोचून घरोघर फिरले. काय सांगू बाप्पा! एका घरात त्याच डब्यात रॉकेल, एका घरात डाळ, एका घरात तर तान्ह्या पोराच्या आंघोळीचं पाणी. "आम्हाले तं काही झालं नाही," बाया म्हणायच्या. "पिकाचं औषध हाये, माणसाले काय करते?" मग मी कुसुमला पुढे करायची आणि तिच्या कपाळावरची, पलंगाचं लोखंड लागलेली खोक दाखवायची. काही डबे फुटले. सगळे नाही फुटले. पंप धुवायला आमच्या ह्यांनी विहिरीपासून लांब वावरात खड्डा खोदला. त्यांना लोक अजून हसतात.

तुमच्या घरात दिवस गेलेली बाई असेल, लेकरं असतील, तर एवढंच ऐका. तो डबा कितीही चांगला दिसला तरी फोडा. फवारलेले कपडे घरच्या बाईला धुवायला देऊ नका. आणि झटके आले तर मिरच्या ओवाळत बसू नका, गाडी जुपा. खाल्लं-प्यालं ते डॉक्टरला खरं सांगा. मी खरं सांगितलं असतं तर कुसुमला तो घास गेलाच नसता.

*

बाळंतपण डॉक्टरांनी दवाखान्यातच करायला लावलं. दिवस भरून मुलगा झाला. बारीक, पण रडला जोरात. त्याची हाताची बोटं मी मोजली, पायाची मोजली, डोळ्यांसमोर बोट फिरवून पाहिलं. आज तो दीड वर्षाचा आहे. चालतो, पडतो, कुसुमचे केस ओढतो. पण मला सांगायचंय ते त्याच्या जन्माच्या तिसऱ्या दिवसाचं.

दूध उतरलं होतं. छाती दगडासारखी झाली होती. सिस्टरने मूल माझ्याजवळ आणून ठेवलं आणि माझ्या मनात आलं ते मी डॉक्टरांना विचारलं.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणले होते, ते जहर तेलात उतरते, चरबीत राह्यते."

"हो."

"दुधात बी तं लोणी असते."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं ते हसतील, अडाणी बाई म्हणतील. त्यांनी गळ्यातली नळी काढून खिशात ठेवली.

"असतं," ते म्हणाले.

"मंग? माह्या अंगातलं त्याच्यात आलं असंल का?"

"मला माहीत नाही, बाई. कुणी शोधून पाहिलं असेल तर माझ्या वाचनात नाही." मग म्हणाले, "पण आईचं दूध न मिळालेली पोरं उन्हाळ्यात कशी जातात, ते मी या वॉर्डात बघितलंय. तेवढंच मला माहीत आहे."

दीड दिवस मी त्याला बकरीच्या दुधाचे बोळे दिले. त्याला ते पचेना. जुलाब सुरू झाले, टाळू खोल गेली. इकडे माझं दूध आपोआप गळून चोळी भिजत होती. आत्याबाई पलंगाशी बसून हात जोडत होत्या, "पाज वं माय, काऊन नाही पाजत? आईच्या दुधात कधी जहर असते का?"

हेच तर कुणी मला सांगत नव्हतं.

शेवटी त्याचं रडणं बारीक व्हायला लागलं. तेव्हा मी त्याला उचललं आणि छातीशी धरलं. तो आंधळ्यासारखा तोंड घासत राहिला, मग त्याला सापडलं, आणि तो इतक्या जोराने प्यायला लागला की त्याच्या मुठी वळल्या. आत्याबाई म्हणाल्या, "पी बाबा, पी." मलाही तेच म्हणायचं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "माफ कर रे मले."

तो पीत राहिला.